पक्षिछायाचित्रण, बागेतील

घराभोवतालच्या बागेत, अंगणात वा सज्जात येणाऱ्या लहान रानपक्ष्यांची, त्यांच्या स्वाभाविक वर्तनात अडथळा न आणता, छायाचित्रे घेण्याच्या तंत्रास बागेतील पक्षिछायाचित्रण म्हणतात. जातीची ओळख पटविणे, पिसाऱ्यात ऋतुमानाप्रमाणे होणारे बदल टिपणे व वर्तनाची नोंद ठेवणे हे याचे मुख्य हेतू होत.

पुणे जिल्ह्यातील पिंपरी-चिंचवड शहराच्या पश्चिम भागात पवना नदीकाठी रावेत वसले आहे. येथील बंधाऱ्यापासून शहरासाठी नदीचे पाणी उचलले जाते. मूळच्या या शेतीच्या गावात आता बहुमजली वसाहती उभ्या आहेत. नदीकाठची झाडी व घरांच्या बागा एकमेकींजवळ असलेल्या अशा परिसरात शिंपी, जांभळा शिंजीर, चष्मेवाला, फुलटोच्या, लालबुड्या बुलबुल, दयाळ इ. पक्षी सहज आढळतात. जास्वंदीच्या फुलांतील मधुरसासाठी शिंजीर, कढीपत्त्याच्या फळांसाठी बुलबुल, तर आंब्यावरील बांडगुळाच्या फळांसाठी फुलटोच्या बागेत येतो.

या छायाचित्रणातील मूळ अडचण पक्ष्याच्या आकारमानाची आहे. शिंजीर सु. १० सेंमी., तर फुलटोच्या सु. ८ सेंमी. लांबीचा असतो. ४०० मिमी. केंद्रांतराच्या भिंगाने ४ मी. अंतरावरील शिंजिराची प्रतिमा सु. ११ मिमी. लांबीची मिळते, म्हणजे ३६ × २४ मिमी. चौकटीच्या लांबीचा जेमतेम तिसरा हिस्सा ती व्यापते. तेवढीच प्रतिमा ५० मिमी. केंद्रांतराच्या साध्या भिंगाने मिळवावयाची झाल्यास कॅमेरा पक्ष्यापासून अर्ध्या मीटरवर न्यावा लागतो. इतक्या जवळ रानपक्षी थांबत नाही. त्याला अपवाद एकच : अंडी वा पिले असलेल्या घरट्याकडे तो पुनःपुन्हा परततो.

यामुळेच प्रारंभीचे पक्षिछायाचित्रण बव्हंशी घरट्यांभोवती फिरत राहिले. रिचर्ड व चेरी कीर्टन या इंग्रज बंधूंचा १८९५ मध्ये प्रसिद्ध झालेला, निसर्गात प्रत्यक्ष घेतलेल्या छायाचित्रांचा ग्रंथही पक्ष्यांच्या घरट्यांविषयीच होता. भारतातील पक्ष्यांच्या छायाचित्रणावर ई. एच्. एन्. लोथर यांचा ग्रंथ १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला. सलीम अली यांच्यासमवेत भारतात पक्षिछायाचित्रण करणारे सिंगापूरचे लोक वान थो (१९१५–६४) यांचा छायाचित्रसंग्रह १९५७ मध्ये निघाला. पुढे लांब केंद्रांतराची भिंगे, स्वयंचलित केंद्रीकरण व प्रकाशास अधिक संवेदनशील असे अंकीय कॅमेरे सुलभ झाल्यावर घरट्याजवळ जाण्याची गरज उरली नाही.

घरट्याचे काम आता पाणी करते. २ ते ५ सेंमी. खोलीचे पसरट मातीचे भांडे झुडपाजवळ, परंतु मांजरास दबा धरता येणार नाही अशा उघड्या जागी ठेवतात. पाणी रोज बदलून भांडे घासावे लागते; साचलेल्या घाण पाण्यातून पक्ष्यांत रोग पसरू शकतो. भांड्यालगत एखादी वाळकी फांदी रोवल्यास पाण्यावर उतरण्यापूर्वी पक्षी तीवर बसतो. फांदीमागील झाडी ३–४ मी. दूर असल्यास पार्श्वभूमी मृदू व एकसंध येते. घराची खिडकी व तिचा पडदा हेच उत्तम लपण होय. मार्च ते मे या कोरड्या महिन्यांत पाण्यावर पक्ष्यांची वर्दळ सर्वाधिक असते.

सकाळचा तिरपा प्रकाश या कामास सोयीचा असतो. बसलेल्या पक्ष्याचीही मान सतत हलत असल्याने १/५०० सेकंद वा त्याहून कमी उद्भासनकाल ठेवतात. उडत्या पक्ष्यासाठी तो १/२००० सेकंदापर्यंत आणावा लागतो. ४ मी. अंतरावर ४०० मिमी. भिंगाचे द्वारक एफ/५.६ ठेवल्यास केवळ सु. ३ सेंमी. खोलीचा भाग सुस्पष्ट येतो. म्हणून केंद्रीकरण पक्ष्याच्या डोळ्यावर करतात. विणीनंतर जांभळ्या शिंजिराच्या नराचा चकाकता पिसारा जाऊन गळ्यापासून पोटापर्यंत गडद पट्टा तेवढा उरतो. दिनांकासह घेतलेल्या छायाचित्रांच्या मालिकेतून असा बदल वर्षानुवर्षे पडताळता येतो.

शिंपी पक्षी बागेतील रुंद पाने शिवून जमिनीपासून थोड्याच उंचीवर घरटे करतो. छायाचित्रासाठी त्याभोवतालची पाने कापली वा बाजूस बांधली, तर पिलांवर ऊन पडते आणि कावळा व भारद्वाज यांना घरटे दिसते. वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील शिकारीच्या व्याख्येत रानपक्ष्यांची अंडी वा घरटी यांना उपद्रव देण्याचाही अंतर्भाव आहे. घरटे स्वतःच्या बागेत असल्याने त्यात फरक पडत नाही. विणीच्या काळात ध्वनिमुद्रित आवाज ऐकवून नरास जवळ बोलावणेही गैर मानतात. अदृश्य प्रतिस्पर्ध्याच्या शोधात त्याचा वेळ व शक्ती खर्ची पडते. चोचीत अळी धरलेला पक्षी घरट्याकडे न जाता शेजारच्या फांदीवर सतत ओरडत राहिला, तर छायाचित्रकार फार जवळ आला आहे असे समजावे. अशा वेळी छायाचित्र न घेता तेथून दूर होणे आवश्यक ठरते.