वजीर सोडायची वेळ



गेल्या हंगामात साखरेच्या गाडीबरोबर भिवंडीला जाण्याचा योग आला. गोदामापाशी पोचलो तर आमच्यापुढे गाड्यांची ही रांग! नंबर दुपारनंतर लागणार, असे कळले. सावलीला दोघे माथाडी बुद्धिबळाचा पट मांडून बसले होते. त्यातला एक साताऱ्याकडचा, वयाने आमच्याएवढाच. आम्ही डोकावतो आहोत हे पाहून त्याने खिशातून वर्तमानपत्राचे कात्रण काढले आणि मोहरी नव्याने मांडली.

"बघा पाव्हणं, जमतंय का. पांढऱ्याची खेळी, दोन खेळ्यांत मात. आन् हे कुणी बसून रचल्यालं न्हाई, खरा डाव हाय."

डाव खराच होता. १८५८ साली पॅरिसच्या ऑपेरागृहात, रंगमंचावर खेळ चालू असताना, अमेरिकेचा २१ वर्षांचा पॉल मॉर्फी हा खेळला. समोर ब्रन्सविकचा ड्यूक आणि काउंट इझुआर, दोघे मिळून. वाचकांनी घरी मांडून पाहावा. पांढऱ्याच्या डाव्या हाताचा उभा पट्टा ए, उजव्या टोकाचा एच; आडव्या ओळी पांढऱ्याकडून १ ते ८.

पांढरे : राजा सी१, वजीर बी३, हत्ती डी१, उंट जी५, प्यादी ए२, बी२, सी२, ई४, एफ२, जी२, एच२.

काळे : राजा ई८, वजीर ई६, हत्ती एच८, उंट एफ८, घोडा डी७, प्यादी ए७, ई५, एफ७, जी७, एच७.

आम्ही अर्धा तास घालवला. हत्ती इकडे नेला, उंट तिकडे नेला, वजीर मात्र जपून ठेवला. शेवटी हात टेकले. तेव्हा गड्याने वजीर उचलला आणि बी८ वर, थेट घोड्याच्या तोंडी दिला! शह. राजाला पळायला घर नाही, मध्ये घालायला मोहरा नाही. घोड्याने वजीर मारलाच पाहिजे. पण घोडा डी७ वरून उठला की हत्तीची वाट मोकळी. हत्ती डी८ वर, पाठीशी जी५ चा उंट. मात!

"तुमी वजीर हिशेबातच धरला न्हाई, पाव्हणं. त्यो जपायचाच म्हनून बसला."

हे बोलणे आम्हाला लागले. कारण आदल्याच वर्षी आम्ही चौथा खोडवा असाच जपला होता. फुटवा विरळ, जागोजाग नांग्या, तरी मोडायला जीव होईना. बेणे-लागणीचा खर्च वाचला, याच आनंदात होतो. पाण्याच्या पाळ्या तेवढ्याच गेल्या. ऊस काट्यावर गेला तेव्हा डोळे उघडले.

याचा अर्थ दिसेल तो खोडवा मोडावा, असा नव्हे. मॉर्फीने वजीर उधळला नाही. पुढच्या दोन्ही खेळ्या मोजल्या, मगच सोडला. कोडे सोडवण्याची रीतही हीच : आधी सगळे शह पाहावेत, वेडगळ वाटणारेसुद्धा. मग मारामारी, मग धमक्या. आणि दर वेळी समोरचा काय करील, हे स्वतःला विचारावे.

एक फरक मात्र ध्यानात ठेवावा. कोड्याखाली 'दोन खेळ्यांत मात' असे छापलेले असते. खऱ्या डावात कुणी घंटा वाजवत नाही. नागपूरची दिव्या देशमुख २०२५ साली, वयाच्या १९ व्या वर्षी, जॉर्जियातील बाटुमी येथे महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत कोनेरू हंपीपुढे बसली. मुख्य दोन्ही डाव बरोबरीत सुटले, निकाल जलद डावांत लागला. घड्याळ पळत असताना संधी आली, हे तिला कोण सांगणार? तिची तिनेच ओळखली. विश्वचषक जिंकला आणि ग्रँडमास्टरही झाली. अशी नजर रोजच्या सरावानेच बसते. आपल्या ऊसपट्ट्यातल्या सांगलीत कै. भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळातून पोरांना हाच नाद लावला.

सभासदांनी मुलांसंगे रोज एक कोडे सोडवावे. खऱ्या डावांतली कोडी आता मोबाईलवर फुकट मिळतात. उत्तर लगेच पाहू नये. चुकले तरी चालेल.

आमची गाडी चार वाजता खाली झाली. तोवर आम्ही आणखी तीन कोडी चुकलो होतो. यंदा तो खोडवा मोडून नवी लागण केली आहे.