पहाटेचे पहिले पाणी

रात्रीचे शिळे पाणी सकाळी ओतून टाकावे, नळ थोडा वेळ मोकळा सोडावा आणि मगच ताजे पाणी भरावे, हा आपल्या घराघरांतील परिपाठ होय. कोकणातून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत आलेल्या आपल्या पूर्वजांच्या दारी नळ नव्हता. परंतु ताजे आणि शिळे हा विवेक त्यांनी गाठीशी बांधून आणला होता. पिण्यासाठी हा परिपाठ उत्तमच. मात्र प्रयोगशाळेसाठी नमुना घेताना तोच कसा फसवा ठरतो, हे अमेरिकेतील मिशिगन राज्याच्या फ्लिंट शहरात दिसून आले.

एप्रिल २०१४ मध्ये त्या शहराने काटकसरीसाठी डेट्रॉईटचे पाणी सोडून फ्लिंट नदीचे पाणी घेतले. नळ गंजू नयेत म्हणून घालावयाचे फॉस्फेट त्यात घातलेच नाही, आणि जुन्या नळांतील शिसे पाण्यात उतरू लागले. शिशाला ना रंग ना वास. मुलांच्या मेंदूवर मात्र ते कायमचा आघात करते.

निदान सहा तास नळ बंद ठेवून येणारे पहिले एक लिटर पाणी तपासावे, असा नियम होता. कारण रात्रभर नळात थांबलेल्या पाण्यातच शिसे साठते. परंतु रहिवाशांना सूचना मिळाली, ती आदल्या रात्री काही मिनिटे नळ वाहू द्यावा अशी! साठलेले शिसे त्या प्रवाहाबरोबर निघून जाई. शिवाय ७१ नमुन्यांपैकी अधिक शिशाचे दोन वगळण्यात आले, आणि कागदोपत्री पाणी निर्दोष ठरले. यास निष्काळजीपणा म्हणावे की आणखी काही, हे वाचकांनीच ठरवावे.

लीअॅन वॉल्टर्स या गृहिणीने हे मानले नाही. व्हर्जिनिया टेक विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क एडवर्ड्स यांच्या साहाय्याने २०१५ मध्ये नागरिकांनी स्वतः २५२ घरांचे नमुने गोळा केले. अब्ज भागांत १५ भाग ही तेव्हा कारवाईची मर्यादा होती. येथे दहांतील एका घरी २५ वा त्याहून अधिक भाग आढळले. ऑक्टोबरमध्ये शहर पुन्हा डेट्रॉईटच्या पाण्याकडे वळले. पुढे २०१६ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने सांगितले, की आदल्या रात्री नळ सोडू नये, तोंडाची जाळी काढू नये आणि बाटली रुंद तोंडाची घ्यावी.

मातीचेही तसेच आहे. पंधरा-वीस ठिकाणची माती सारख्याच खोलीवरून घेऊन ती स्वच्छ प्लॅस्टिकच्या बादलीत मिसळावी. जस्ताचा मुलामा दिलेली बादली घेतल्यास मातीत नसलेले जस्त अहवालात दिसते.

माझ्या वर्गातील मुले बाटलीवर घर, नळ आणि वेळ आधी लिहितात, मग ती भरतात. एकदा एका मुलाने लाजत सांगितले, की आजीने पहाटे चार वाजताच पूजेसाठी नळ सोडला होता. ती बाटली आम्ही रिकामी केली. दुसऱ्या दिवशी आजीबाईंनी पूजेचे पाणी रात्रीच भरून ठेवले.