मालवणच्या सागरतळाचे पर्यटन : प्रवाळांची मर्यादा आणि पर्यटकाची जबाबदारी

प्रस्तावना

विदर्भाला समुद्रकिनारा नाही. तरीही येथील कुटुंबांच्या आणि महाविद्यालयांच्या सहलींत मालवण-तारकर्लीचे ‘स्कुबा डायव्हिंग’ हे आज एक प्रमुख आकर्षण ठरले आहे. कॅरिबियन समुद्रातील बेटांवर जाणाऱ्या धनिक पर्यटकांपुरता समजला जाणारा हा छंद सिंधुदुर्ग जिल्ह्यामुळे मराठी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला. मात्र ज्या प्रवाळांना पाहण्यासाठी पर्यटक जातात, त्यांची पर्यटकांचा भार सोसण्याची शक्ती किती, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात या पर्यटनामागील विज्ञान, मालवणच्या सागरी अभयारण्याची स्थिती आणि कॅरिबियन समुद्रातील बोनेर बेटाचा अनुभव यांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

स्कुबा डायव्हिंगमागील विज्ञान

‘स्कुबा’ म्हणजे पाण्याखाली श्वसनासाठी पाणबुड्याने स्वतःबरोबर वाहून नेलेले उपकरण. इ.स. १९४३ मध्ये फ्रान्समध्ये झाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी श्वासाच्या मागणीनुसार हवा पुरविणारा रेग्युलेटर सिद्ध केला आणि या क्रीडेचा पाया घातला गेला. पाणबुड्याच्या पाठीवर ‘ऑक्सिजनचा सिलिंडर’ असतो, असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः या सिलिंडरमध्ये उच्च दाबाखाली भरलेली साधी, कोरडी हवा असते.

समुद्रात दर १० मीटर खोलीला दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो. म्हणजे १० मीटरवर तो पृष्ठभागावरील दाबाच्या दुप्पट होतो आणि बॉईलच्या नियमानुसार हवेचे आकारमान निम्मे होते. वर येताना याच्या उलट घडते. फुफ्फुसात कोंडलेली हवा प्रसरण पावते व फुफ्फुसाला इजा करू शकते. म्हणून ‘श्वास कधीही रोखू नये’ हा या क्रीडेचा पहिला नियम आहे आणि तो अगदी उथळ पाण्यातही लागू होतो. दुसरी बाब नायट्रोजनची. वाढत्या दाबाखाली हा वायू रक्तात व ऊतींत विरघळतो. दाब अकस्मात घटल्यास त्याचे बुडबुडे तयार होतात. याच कारणास्तव एका साध्या डुबकीनंतर किमान १२ तास आणि अनेक डुबक्यांनंतर किमान १८ तास विमानप्रवास टाळावा, अशी शिफारस केली जाते. समुद्रसपाटीपासून उंच घाटमाथ्यावर तातडीने जाणेही याच तत्त्वात येते. मालवणहून परतताना सुमारे ७०० मीटर उंचीचा आंबोली घाट किंवा गोव्याहून विमान गाठणाऱ्यांनी ही बाब वेळापत्रकातच विचारात घेणे आवश्यक आहे. नवशिक्यांची उथळ व अल्पकालीन डुबकी तुलनेने कमी धोक्याची असते. तथापि कमी धोका म्हणजे निर्धोकता नव्हे.

मालवण सागरी अभयारण्य

इ.स. १६६४ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बांधकामास प्रारंभ केला. जहाजांना धोकादायक असलेले भोवतालचे खडक हे या जागेचे नैसर्गिक संरक्षण होते. याच खडकांवर प्रवाळ, समुद्री शैवाल आणि नाना जातींचे मासे यांची वसाहत आहे. शासनाने १३ एप्रिल १९८७ रोजी या परिसरात सागरी अभयारण्य घोषित केले. त्याचे एकूण क्षेत्र २९.१२२ चौ.कि.मी. असून सिंधुदुर्ग किल्ला व पद्मगड यांभोवतीचा ३.१८२ चौ.कि.मी. भाग गाभा क्षेत्र आहे. उर्वरित भाग बफर क्षेत्र आहे.

मासेमारीवर बंधने येतील या भीतीने स्थानिक मच्छीमारांनी या अभयारण्यास विरोध केला. पुढे पर्यटन वाढत गेले, तेव्हा पाण्याखालचे खडक, प्रवाह आणि वाऱ्याची दिशा जाणणारे हेच कोळी व गाबीत तरुण पर्यटकांना समुद्रात नेऊ लागले. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने तारकर्ली येथे प्रशिक्षण संस्था स्थापन करून या व्यवसायाला शास्त्रीय शिक्षणाची जोड दिली. आज अनेक घरांना या व्यवसायाचा आधार आहे. त्यामुळे प्रवाळांचे रक्षण हा निसर्गप्रेमाचा विषय तर आहेच, पण तो उपजीविकेचाही विषय आहे.

प्रवाळांवर होणारा आघात

प्रवाळ खडकासारखा दिसतो. परंतु तो सूक्ष्म प्राण्यांची वसाहत आहे. मालवणच्या गढूळ पाण्यात फांद्यांच्या प्रवाळांपेक्षा घुमटाकार व खडकाला चिकटून पसरणारे प्रवाळ अधिक आढळतात. अशा घुमटाकार प्रवाळांची वाढ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर किंवा त्याहूनही कमी असते. म्हणजे छायाचित्रासाठी आधार म्हणून धरलेला हातभर उंचीचा प्रवाळ धरणाऱ्याच्या आजोबांइतका वयस्क असू शकतो.

आघाताचे प्रकार साधे आहेत. हाताच्या स्पर्शाने प्रवाळाचा संरक्षक श्लेष्मल थर निघतो. पायातील फिनच्या फटकाऱ्याने प्रवाळ तुटतो किंवा तळाची वाळू उडून त्यावर बसते. नावेच्या नांगराने खडक खरवडला जातो. मासे जवळ यावेत म्हणून टाकलेल्या पाव-बिस्किटांनी त्यांच्या सवयी बिघडतात. पाण्यात शरीर अधांतरी स्थिर ठेवणे हे सरावाने साध्य होणारे कौशल्य असल्याने प्रथमच उतरणाऱ्याकडून असा आघात होण्याची शक्यता अधिक असते. राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात मालवणमधील मनोरंजनपर डायव्हिंगमुळे प्रवाळांना होणाऱ्या हानीकडे लक्ष वेधले आहे. समुद्राचे तापमान वाढून प्रवाळ पांढरे पडण्याच्या संकटावर स्थानिक पातळीवर उपाय नाही. हाताने व नांगराने होणारी हानी मात्र पूर्णपणे टाळता येण्याजोगी आहे.

बोनेरचा अनुभव

व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यासमोरील बोनेर हे नेदरलँड्सच्या अखत्यारीतील छोटे बेट डायव्हिंगसाठी जगप्रसिद्ध आहे. भरतीरेषेपासून ६० मीटर खोलीपर्यंतचा बेटाभोवतालचा समुद्र १९७९ मध्ये सागरी उद्यान म्हणून संरक्षित झाला. परंतु निधी संपताच हे उद्यान काही वर्षे केवळ कागदावर उरले. नव्वदच्या दशकारंभी त्याचे पुनरुज्जीवन झाले आणि १९९२ पासून प्रत्येक पाणबुड्याकडून वार्षिक १० डॉलर शुल्क घेणे सुरू झाले. या शुल्कातून व्यवस्थापनाचा खर्च भागू लागला. नांगर टाकण्यास बंदी करून कायमस्वरूपी बोये बसविण्यात आले. नवागत पाणबुड्यास नियमांची माहिती आणि एक चाचणी-डुबकी अनिवार्य झाली. प्रवाळाला हात लावण्याचा मोह होऊ नये म्हणून हातमोजेही वर्ज्य ठरले.

तेथील १९९३ च्या एका अभ्यासाने प्रत्येक स्थळाची सहनक्षमता वर्षाला साधारण ४,००० ते ६,००० डुबक्या इतकी अंदाजिली. त्यापलीकडे हानी वेगाने वाढते. मालवणचा हंगाम पावसाळा वगळता सुमारे २४० दिवसांचा धरल्यास हे प्रमाण एका स्थळी दिवसाला १७ ते २५ डुबक्या इतके येते. हा आकडा मालवणला जसाच्या तसा लावता येणार नाही, कारण तेथील प्रवाळ व पाणी भिन्न आहे. शिवाय बोनेरचे पर्यटक बहुधा प्रशिक्षित असतात आणि ऐंशीहून अधिक स्थळांवर विभागले जातात. मालवणला मात्र किल्ल्याभोवतीच्या मोजक्या जागी मुख्यतः नवशिकेच उतरतात. त्यामुळे येथील मर्यादा स्वतंत्र अभ्यासाने, आणि कदाचित अधिक काटेकोर, ठरवावी लागेल.

ताडोबाचा धडा

ही कल्पना विदर्भाला अपरिचित नाही. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पात गाभा व बफर क्षेत्र, ठरावीक प्रवेशद्वारे, वाहनांची मर्यादित संख्या आणि सोबत मार्गदर्शक ही व्यवस्था आपण स्वीकारली आहे. मालवणचे अभयारण्यही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाखालीच येते आणि प्रवाळांना २००१ पासून या अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे. वाघाच्या अंगावर हात टाकण्याचा विचार कोणी करणार नाही. परंतु कायद्याने तितक्याच संरक्षित प्रवाळावर पाय ठेवताना आपल्याला काही वाटत नाही. समुद्राला कुंपण नसते, म्हणून तेथे नियमांची अधिक आवश्यकता आहे.

सुरक्षेचा प्रश्नही याच शिस्तीशी निगडित आहे. २४ मे २०२२ रोजी तारकर्ली येथे डायव्हिंगहून परतणारी २० जणांची नाव उलटून दोन पर्यटकांचा मृत्यू झाला. धोका केवळ पाण्याखाली नसतो, तर प्रवासाच्या प्रत्येक टप्प्यावर असतो, हे या दुर्घटनेने दाखविले.

निष्कर्ष

१. प्रवाळ हेच या व्यवसायाचे भांडवल आहे. हॉटेलच्या खोल्यांप्रमाणे ते वाढविता येत नाही. म्हणून प्रत्येक स्थळाची सहनक्षमता ठरविणे अगत्याचे आहे.

२. पर्यटकांकडून घेतलेले संवर्धन शुल्क त्याच परिसराच्या देखरेखीवर आणि स्थानिक मच्छीमारांच्या सहभागावर खर्च व्हावे.

३. नांगराऐवजी कायमस्वरूपी बोये आणि डुबकीपूर्वी नियमांची सक्तीची माहिती हे अल्पखर्चाचे उपाय प्राधान्याने योजावेत.

४. महाविद्यालयीन सहल नेणाऱ्या प्राध्यापकांनी प्रशिक्षकाची पात्रता, जीवरक्षक जॅकेट, नावेची क्षमता व विद्यार्थ्यांची आरोग्यविषयक माहिती आधीच तपासावी. दमा, कानाचे विकार वा सर्दी असल्यास डुबकी टाळावी.

५. सहलीपूर्वीचा एक तास प्रवाळांच्या परिचयासाठी द्यावा. आपण सजीवांच्या वस्तीत जात आहोत, हे ज्याला ठाऊक आहे तो विद्यार्थी हात आवरतो.

बोनेरचे उद्यानही एके काळी कागदावरच होते. त्याला कागदावरून समुद्रात आणण्याचे कार्य शुल्क, शिस्त आणि स्थानिकांचा सहभाग यांनी केले. ताडोबात ही शिस्त पाळणारा विदर्भातील पर्यटक मालवणलाही ती बरोबर घेऊन गेला, तर या कार्यात त्याचाही वाटा राहील.