सुटला, पण जावें कोठें?

येरवड्याच्या मध्यवर्ती कारागृहाचा दरवाजा सुटलेल्या कैद्याच्या पाठीमागें बंद होतो, तेव्हां कायद्याच्या दृष्टीनें त्याचें प्रकरण संपलेलें असतें. शिक्षा भोगून झाली, नोंदवहींत सही झाली, सरकारचें देणें फिटलें. त्या मनुष्याचें खरें प्रकरण मात्र त्याच क्षणीं सुरू होतें. घरच्यांनीं दार लावून घेतलेलें असतें. खोलीच्या मालकानें सामान केव्हांच रस्त्यावर टाकलेलें असतें. पूर्वींच्या कारखान्यांत त्याचें नांव निघतांच मुकादम मान फिरवितो. अशा मनुष्यानें त्या रात्रीं निजावें कोठें, हा प्रश्न आज आम्ही पिंपरी, चिंचवड, भोसरी व चाकण येथील कारखानदार, व्यापारी व सुशिक्षित नागरिक यांच्यापुढें मांडीत आहों. हा दयेचा प्रश्न आहे असें पुष्कळांस वाटेल. आमच्या मतें हा हिशेबाचा प्रश्न आहे.

हिशेब असा. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली, १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघालें, १९८२ सालीं येथें महानगरपालिका झाली, आणि कांद्याच्या बाजारासाठीं नांवाजलेलें चाकण पाहतां पाहतां मोटारींचें गांव बनलें. हें वैभव मराठवाड्यांतून, विदर्भांतून, बिहार व उत्तर प्रदेशांतून आलेल्या माणसांच्या हातांनीं उभें केलें. एका खोलींत सहा-सहा जण राहतात. भाड्याचा कागद कोणाच्याच नांवावर नसतो. यांपैकीं एखाद्याचीं बोटें सुटे भाग करणाऱ्या लहान कारखान्यांतील प्रेसखालीं चिरडतात. ‘सेफ इन इंडिया’ या संस्थेनें २०१९ पासून प्रसिद्ध केलेल्या अहवालांत मोटारधंद्यांतील अशा हजारों जखमी कामगारांची हकीकत आली आहे; त्यांतील पुष्कळांचीं नांवें राज्य कामगार विम्याच्या दप्तरांत अपघात झाल्यानंतरच चढलीं, असेंही त्यांत नमूद आहे. हात गेला कीं काम जातें, काम गेलें कीं खोली जाते, आणि खोली गेली कीं मनुष्य उड्डाणपुलाखालीं येतो.

पुढील वाट कायद्यानेंच आंखून ठेविली आहे. १९५९ च्या मुंबई भिक्षाप्रतिबंधक कायद्यांत भिक्षा मागणें याचा अर्थ केवळ हात पसरणें एवढाच नाहीं. उपजीविकेचें दृश्य साधन नसतां, भीक मागून जगत असावा असें वाटण्याजोग्या स्थितींत सार्वजनिक जागीं भटकणें हेंही त्यांत मोडतें. पोलिसास अशा मनुष्यास वॉरंटावांचून पकडतां येतें, व पहिल्याच खेपेस एक ते तीन वर्षें संस्थेंत डांबण्याचा हुकूम होऊं शकतो. दिल्ली उच्च न्यायालयानें २०१८ सालीं या कायद्याचीं शिक्षेचीं कलमें दिल्लीपुरतीं घटनाबाह्य ठरविलीं. ज्या प्रांतांत हा कायदा जन्मला, तेथें तो अद्याप उभाच आहे. म्हणून आम्ही म्हणतों कीं, बेघर, अपंग आणि बंदी अशा तीन निराळ्या जाती नाहींत. पुष्कळदां तो एकच मनुष्य असतो. आपण त्याला तीन निराळ्या वेळीं पाहतों, एवढेंच.

जामिनाची कथाही हीच आहे. १९७८ सालीं मध्यप्रदेशांतील मोतीराम नांवाच्या एका गवंड्याचें गाऱ्हाणें सर्वोच्च न्यायालयापुढें आलें. जामीन मंजूर झालेला असतां खालच्या न्यायाधीशानें दहा हजार रुपयांचा जामीनदार मागितला, आणि भावाची मिळकत परजिल्ह्यांत आहे म्हणून भावास नाकारलें. न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांनीं त्याला एक हजाराच्या जातमुचलक्यावर सोडण्याचा हुकूम केला, आणि गरिबाचें स्वातंत्र्य पैशांत मोजण्याच्या रीतीची कडक शब्दांत हजेरी घेतली. त्यानंतर कायदा कांहीं पावलें पुढें सरकला आहे. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७९ व्या कलमान्वयें पहिलटकर आरोपीनें कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ कच्च्या कैदेंत काढला असल्यास, कांहीं अपवाद वगळून, त्यास सोडण्याची तरतूद आहे. निर्धन कैद्याच्या जामिनासाठीं चाळीस हजार रुपयांपर्यंत मदत देण्याची केंद्र सरकारची योजनाही २०२३ मध्यें निघाली. परंतु प्रत्येक अर्जांत पत्त्याचा एक रकाना असतो. ज्याला पत्ताच नाहीं, त्याचा तो रकाना भरावा कोणीं?

हा रकाना भरण्याचें काम ज्यांनीं अंगावर घेतलें, त्यांपैकीं एक घर आपल्या शेजारींच आहे. चाकणहून शिक्रापूरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या टापूंत, छत्रपति संभाजी महाराजांच्या समाधीमुळें सर्वांस ठाऊक असलेलें वढू बुद्रुक हें गांव आहे. तेथें १९९७ सालीं ल्युसी कुरियन या ख्रिस्ती संन्यासिनीनें ‘माहेर’ नांवाचें घर उघडलें. त्यामागील हकीकत वाचकांनीं ऐकून ठेवण्यासारखी आहे. १९९१ सालीं एक गरोदर स्त्री नवऱ्याच्या भयानें त्यांच्याकडे आसरा मागावयास आली. त्या वेळीं त्यांच्या हातीं जागा नव्हती. उद्यां ये, असें त्यांनीं सांगितलें. त्याच रात्रीं नवऱ्यानें त्या स्त्रीस पेटवून दिलें, आणि ती व तिच्या पोटांतील जीव दोन्ही गेले. ‘उद्यां ये’ हे दोन शब्द किती महाग पडतात, हें ज्या बाईस त्या रात्रीं कळलें, तिनें पुढें असें घर बांधलें कीं जेथें आलेल्यास आजच आंत घ्यावें. प्रथम पीडित स्त्रिया, मग त्यांचीं मुलें, मग रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्ण स्त्रिया, मग निराधार पुरुष, असा त्या घराचा विस्तार होत गेला. तेथें सर्व धर्मांचे सण होतात, आणि जातपात मानीत नाहींत. सासुरवाशिणीस जी हक्काची जागा, तें नांव या परप्रांतांतून आलेल्या बाईनें आमच्याच भाषेंतून उचललें, हें आम्हांस अभिमानाचें आणि थोडें लाजेचेंही वाटतें.

येथें एक आक्षेप ठरलेला आहे, आणि राष्ट्राभिमानी म्हणविणाऱ्या पत्रानें तो टाळून चालणार नाहीं. ‘हें सर्व धर्मांतराचें जाळें आहे,’ असें कित्येक म्हणतात. पुणें जिल्ह्यास हा वाद नवा नाहीं. पंडिता रमाबाईंचें शारदासदन १८९० सालीं मुंबईहून पुण्यास आलें, आणि १८९३ सालीं याच संशयावरून त्यावर वादळ उठलें. रानडे व भांडारकर सल्लागार मंडळांतून बाहेर पडले. पुष्कळ पालकांनीं मुली काढून नेल्या. पुढें रमाबाईंनीं केडगांवास मुक्तिसदन वसविलें. दुष्काळांतील अनाथ मुलींस आणि आंधळ्या स्त्रियांसही तेथें आसरा मिळाला. त्या वादांत कोणाचें किती खरें होतें, याचा निवाडा आज करण्याचें कारण नाहीं. आम्हांस महत्त्वाची वाटते ती दुसरीच गोष्ट. त्याच शारदासदनांतील पहिल्या विधवा विद्यार्थिनीशीं, गोदूबाईंशीं, प्रोफेसर धोंडो केशव कर्वे यांनीं १८९३ सालीं विवाह केला, आणि १८९६ सालीं स्वतःचा अनाथ बालिकाश्रम काढला. संशयास खरें उत्तर त्यांनीं दिलें. दुसऱ्याच्या घराकडे बोट दाखवीत न बसतां त्यांनीं आपलें घर उघडलें. गाडगे महाराजांनीं पंढरपूर, नाशिक व आळंदी येथें धर्मशाळा बांधल्या, त्याही याच जातीचें उत्तर होत्या. ज्यास मिशनरी संस्थेचें भय वाटतें, त्यानें तिच्या दारीं पहारा न करितां तिच्या शेजारीं तशीच दुसरी संस्था काढावी. आम्ही तिचें स्वागत तितक्याच आनंदानें करूं.

मात्र धर्मादाय संस्था कोणत्याही धर्माची असो, तिला तीनच कसोट्या लावाव्या. आंत येणाऱ्यास धर्म विचारला जातो काय? बाहेर जाऊं इच्छिणाऱ्यास मोकळीक आहे काय? १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याप्रमाणें धर्मादाय आयुक्ताकडे हिशेब वेळच्यावेळीं जातो काय? या तिहींत जी संस्था उतरेल, तिच्यावरील संशय हें अकर्मण्यतेचें पांघरूण समजावें. आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. संन्याशानें घर काढलें म्हणून नगराचें कर्तव्य संपत नाहीं. २०१३ सालीं निघालेल्या राष्ट्रीय शहरी उपजीविका अभियानानें दर एक लक्ष वस्तीमागें निदान शंभर माणसांचा कायम निवारा असावा, असें प्रमाण घातलें होतें. २०११ च्या शिरगणतींत पिंपरी-चिंचवडची वस्ती १७ लक्ष २७ हजार भरली. त्या जुन्या आंकड्यानें धरलें तरी सतराशें माणसांची सोय हवी. ती कोठें आहे, हें प्रत्येक वाचकानें आपल्या नगरसेवकास विचारावें. दयेवर चालणारें घर दात्याच्या मर्जीवर उभें असतें. हक्कानें मिळणारा निवारा मर्जीची वाट पाहत नाहीं.

व्यापाऱ्यांस व कारखानदारांस आमची सूचना थोडक्यांत अशी. मोठ्या कंपन्यांस २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणें नफ्याचे दोन टक्के समाजकार्यास लावावे लागतात. त्यांतील कांहीं भाग कमानी व फलक यांऐवजीं खाटांवर खर्च व्हावा. अपंगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यांत, ज्या खासगी मालकाच्या कामगारांत निदान पांच टक्के अपंग असतील त्यास सरकारनें उत्तेजन द्यावें, असें म्हटलें आहे. ज्या पट्ट्यांत बोटें तुटतात त्या पट्ट्यानें तरी उत्तेजनाची वाट न पाहतां हें प्रमाण गांठावें. प्रेसला संरक्षक साधन बसविणें आणि कामगाराचें नांव पहिल्याच दिवशीं विम्यांत घालणें, हा तर दानधर्मही नव्हे. तो सरळ कायदा आहे. आणि ज्या पेढीवाल्याची बाजारांत पत आहे, त्यानें एखाद्या विश्वासू संस्थेच्या शिफारशीवरून वर्षांतून एका निर्धन कच्च्या कैद्यास जामीन राहावें. सुटलेल्या एका मनुष्यास नांव पुन्हां न उकरतां कामावर घ्यावें. चोरी करील अशी भीति असेल, तर एवढेंच लक्षांत घ्यावें कीं, ज्यास काम, खोली आणि पत्ता यांपैकीं कांहींच मिळत नाहीं, त्यास चोरीवांचून दुसरा धंदा आपणच ठेविलेला नसतो.

तुकोबांची पालखी देहूहून निघून आकुर्डीस मुक्कामास येते, त्या रात्रीं या गांवांत कोणीही अनोळखी मनुष्य उपाशी किंवा उघड्यावर निजूं नये म्हणून व्यापारी धडपडतात. कोणी कोणाचें पूर्वचरित्र विचारीत नाहीं. एका रात्रीं जें आपल्यास सहज साधतें, तें बाकीच्या रात्रीं साधूं नये असा कोठें शास्त्रार्थ नाहीं. पुढच्या वेळीं कोणी दारीं आला, तर ‘उद्यां ये’ असें म्हणण्यापूर्वीं वढू बुद्रुकची ती हकीकत आठवावी.