डब्यातले सँडविच आणि पाकिटावरचे इंग्रजी

सकाळी सातला भरलेला डबा शाळेत साडेदहाला उघडतो, कार्यालयात दुपारी एकला. एवढ्या वेळात पाव ओला किंवा कडक होतो, हा चवीचा प्रश्न. आत जंतू वाढतात, हा प्रकृतीचा. पहिला बदल लगेच कळतो. दुसरा डोळ्यांना दिसत नाही आणि अनेकदा वासालाही कळत नाही.

5 ते 60 अंश सेल्सिअस तापमानात जंतू झपाट्याने वाढतात. उकडलेला बटाटा, पनीर, अंडे, चिकन किंवा मेयोनीज घातलेले सँडविच दोन तासांहून अधिक बाहेर ठेवू नये. पारा 32 अंशांवर गेला असेल तर तासाभरातच संपवावे. स्टॅफिलोकॉकस हा जंतू नाकातून किंवा हातावरच्या जखमेतून अन्नात जातो. त्याचे विष अन्न पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. खाल्ल्यावर अर्ध्या ते आठ तासांत मळमळ, उलट्या आणि पोटात कळा सुरू होतात.

म्हणून हात धुऊनच सँडविच करावे. बोट कापले असेल तर ते काम दुसऱ्यावर सोपवावे. दोन्ही स्लाइसना लोणी लावले की काकडी-टोमॅटोचे पाणी पावात मुरत नाही. डब्यासोबत बर्फाची पिशवी ठेवावी; ते जमत नसेल तर लोणी आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी बरी. पावाच्या एका स्लाइसवर बुरशी दिसली तरी सगळे पाकीट फेकावे.

पाकिटावरचे इंग्रजीही नीट वाचावे. ‘बेस्ट बिफोर’ म्हणजे तोपर्यंत चव आणि पोत उत्तम. ‘यूज बाय’ म्हणजे ती तारीख धरून तोपर्यंतच वापरा; त्यानंतर खाऊ नये. भारतातील 2020च्या लेबल नियमांनुसार ‘एक्स्पायरी’ किंवा ‘यूज बाय’ छापणे बंधनकारक आहे, ‘बेस्ट बिफोर’ ऐच्छिक. मात्र या तारखा न फोडलेल्या, सांगितल्याप्रमाणे साठवलेल्या पाकिटासाठी असतात. पाकीट फोडल्यावर त्यांचा भरवसा धरू नये.

उलट्या-जुलाब झाल्यास जलसंजीवनी थोडी थोडी, वरचेवर द्यावी. लघवी कमी होणे, मूल मलूल पडणे, शौचातून रक्त जाणे किंवा पाणीही पोटात न ठरणे, यांपैकी काहीही दिसले तर घरगुती उपायांत वेळ न घालवता रुग्णालय गाठावे.