चौघांची पंगत



गुढीपाडवा जवळ आला कीं आमच्या सोनपेठच्या पुष्कळ घरांतून एकच वाक्य ऐकूं येतें: "मुलें पुण्यास, आपण दोघें-तिघें, एवढ्यासाठीं पुरण कशाला घालावयाचें?" माझ्या घरींहि मागील वर्षीं हाच विचार झाला, आणि वरणभात व बाजारचें श्रीखंड यांवर सण उरकला. श्रीखंड वाईट नव्हतें. परंतु शिक्षणासाठीं आमच्याजवळ राहणाऱ्या नातीनें संध्याकाळीं विचारलें, "आजोबा, पाडवा उद्यां आहे का?" छत्तीस वर्षें मास्तरकी केलेल्या मला उत्तर सुचलें नाहीं.

यंदा आम्हीं चौघेंच होतों: मी, सौभाग्यवती, वृद्ध वहिनी व नात. थोडक्या माणसांत पदार्थांची गर्दी करावी लागत नाहीं. एकच पदार्थ मन लावून करावा. पाव किलो हरभऱ्याची डाळ व तितकाच गूळ यांत दहा-बारा मध्यम पोळ्या होतात. मात्र डाळ आधीं पूर्ण मऊ शिजावी आणि गूळ मागाहून पडावा. गुळाच्या पाकांत डाळीचें मऊ होणें खुंटतें. हें मी ग्रंथ वाचून सांगत नाहीं. मदतीच्या उत्साहांत मींच गूळ आधीं टाकला, आणि दोन तास शिजवूनहि ती डाळ दातांखालीं कचकचतच राहिली. सौभाग्यवती एक शब्दहि बोलल्या नाहींत. ती शिक्षा पुरेशी होती.

दुसऱ्या खेपेस डाळ शिजल्यावर तिचें पाणी निथळून घेतलें. ही येळवणी टाकावयाची नसते. चिंच, भाजलेलें खोबरें व काळा मसाला घालून तिचीच आमटी होते. गूळ घातलेलें पुरण आटतां आटतां त्यांत पळी उभी राहिली कीं खालीं उतरावें. सुंठ, वेलदोडा, जायफळ हीं अखेरीस घालावींत, नाहींतर त्यांचा सुवास वाफेबरोबर निघून जातो.

पान मांडण्याचें काम नातीकडे होतें. मीठ वर मध्यभागीं, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी व आमटी. कडुलिंबाचीं कोवळीं पानें गूळ, चिंच व ओवा घालून तिनेंच वाटलीं, म्हणून तीं तोंड वांकडें न करतां खाल्लीं. पाटांभोवतीं रांगोळीची बारीक वेल आणि एक समई, इतकीच सजावट.

खरी अडचण निराळीच होती. तव्यावरची पोळी थेट पानांत पडावी, हा आपला पुरुषांचा हट्ट. त्यापायीं करणारी बाई शेवटीं, थंड झालेलें अन्न घेऊन एकटी बसते. वास्तविक पुरणाची पोळी कापडांत झांकून ठेविली तर तासभर छान मऊ राहते. (दुसऱ्या दिवशीं ती अधिक गोड लागते, असें माझें मत आहे.) यास्तव सर्व पोळ्या आधीं करून पातेलीं व तुपाची वाटी मध्यें ठेविली आणि चौघेंहि एकदम बसलों. वहिनी या घरांत आल्यापासून पहिल्या पंक्तीस कधींच बसल्या नव्हत्या. वाढण्यासाठीं त्या दोनदां उठूं लागल्या. दोन्ही वेळां नातीनें त्यांचा पदर धरून ठेवला.

दुसरी पोळी मात्र त्यांनीं स्वतः मागून घेतली, आणि वर तूपहि.