भुकटीचा डबा आणि रक्ताचा दाब

हल्ली माझ्या दवाखान्यात धडधाकट माणसेही एक प्रश्न घेऊन येतात. "डॉक्टर, व्यायामशाळेतली मंडळी आर्जिनिनची भुकटी घेतात. रक्तदाब वाढू नये म्हणून मीही सुरू करू का?" पट्टा बांधून पाहावे, तर दाब १२०/८०!

ही भुकटी म्हणजे निव्वळ थोतांड, असे मी म्हणणार नाही. ज्या अमिनो आम्लांची प्रथिने बनतात, त्यांपैकी आर्जिनिन हे एक. रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर त्यापासून नायट्रिक ऑक्साइड हा वायू तयार करते. त्याने वाहिनीचा स्नायू सैलावतो, वाट रुंदावते आणि दाब उतरतो. या वायूचे कार्य उलगडणाऱ्या फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

२०११ साली ११ प्रयोगांतील ३८७ माणसांचे आकडे एकत्र मांडले गेले. रोज ४ ते २४ ग्रॅम आर्जिनिन घेणाऱ्यांचा वरचा दाब सरासरी सुमारे ५ मिलिमीटरने उतरला होता. मग हरकत कोणती?

हरकत अशी, की निरोगी शरीर आर्जिनिन स्वतःच तयार करते, उरलेले अन्नातून मिळते. भरल्या घागरीत आणखी ओतून काय साधणार? शिवाय ही भुकटी निरुपद्रवीच, असेही नाही. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १५३ रुग्णांवर अमेरिकेत एक प्रयोग झाला. त्याचा वृत्तांत २००६ साली प्रसिद्ध झाला. आर्जिनिन घेणाऱ्यांपैकी सहा जण दगावले, दुसऱ्या गटातला एकही नाही. प्रयोग थांबवावा लागला. ते रुग्ण होते हे खरे. पण आपल्या हृदयात काय दडले आहे, हे धडधाकट दिसणाऱ्याला तरी कुठे ठाऊक असते? दाबाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्यावाचून डब्याला हातही लावू नये.

याउलट १९९७ साली प्रसिद्ध झालेला आहाराचा प्रयोग पाहा. भरपूर फळे, भाज्या आणि कमी स्निग्धांशाचे दूधदुभते एवढ्यावर, ज्यांचा दाब वाढलेला नव्हता त्यांचाही वरचा दाब साडेतीन मिलिमीटरने उतरला.

आर्जिनिन हवेच असेल, तर शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत ते सुमारे तीन ग्रॅम असते. तीळ, डाळीही आहेतच. मात्र दाणे खारवलेले नकोत! दिवसाचे मीठ पाच ग्रॅमच्या, म्हणजे चहाच्या एका चमच्याच्या, आत ठेवावे. फराळाच्या ताटातल्या चिवड्या-चकल्यांचे मीठही त्यातच मोजायचे, बरे का!

आणि भुकटीच्या पैशांत घरातल्या सर्व वडीलधाऱ्यांचा दाब एकदा मोजून घ्यावा. वाढलेला दाब बहुधा चाहूल देत नाही. तो मोजूनच कळतो.